नऊ खोटे अलर्ट

१

वेनिंगला बाळंत होऊन एकवीस दिवस झाले होते, आणि घरात बाळापेक्षा फोन जास्त रडत होता.

"समोरच्या अंगणात हालचाल." ट्रिंग. "समोरच्या अंगणात हालचाल." ट्रिंग. मध्येच तोंडीलावणं म्हणून, "मागच्या दारी हालचाल."

दोन कॅमेरे तिर्तोने बोटीवर परत जाण्याच्या आदल्या दिवशी बसवले होते. कॉलनीत महिन्याभरात तीन मोटरसायकली गेल्या होत्या. बायको ओली बाळंतीण, मुलगी नऊ दिवसांची, आणि आपण अडीच महिने कोळशाच्या बोटीच्या इंजिनखोलीत. तेव्हा निदान डोळे तरी घरी ठेवून जावेत, असा त्याचा हिशेब. कॅमेरे बॅटरीवरचे, वायरची भानगड नाही. एकदा चार्ज केले की तीन महिने बघायला नको, असं खोक्यावर छापलं होतं.

चार दिवसांत समोरचा कॅमेरा मेला. टाके ओले असताना वेनिंग स्टुलावर चढली, कॅमेरा उतरवला, चार्ज केला, पुन्हा चढली. आणखी चार दिवसांनी पुन्हा तेच.

"अगं, दिवसाला साठ अलर्ट येतात मला," तिर्तो फोनवर कावला होता. "रेंज आली की फोन पाच मिनिटं नुसता थरथरतो. इथली पोरं विचारतात, तिर्तोदादा, बायकोला एवढी आठवण येते का?"

"येते की. दिवसाला साठदा येते."

"थट्टा नको. खरा चोर आला तर कळणार कसं? काहीतरी कर ना. तू शिकलेली आहेस."

हे त्याचं नेहमीचं. वेनिंग शाळेत रसायनशास्त्र शिकवायची, म्हणून गॅसच्या शेगडीपासून कॅमेऱ्यापर्यंत सगळं तिच्या शिक्षणाच्या खात्यात. तिला स्वतःला मात्र बाळ झाल्यापासून कशाचीच खात्री वाटेनाशी झाली होती. दार लावलं का, हे ती तीनदा बघायची. लेक लारस श्वास घेतेय का, हे किती वेळा बघायची ते मोजलं नव्हतं, कारण मोजलं असतं तर कुणाला तरी सांगावं लागलं असतं.

तिने साठही चित्रफिती बसून पाहिल्या. एक मांजर. पपईच्या पानांची सावली. बाकी सगळे पतंग आणि पाखरं, आणि ती सगळी एकाच जागी: दाराच्या डाव्या बाजूला, उपड्या टोपलीखालच्या दिव्याभोवती.

त्या दिव्याखाली लारसची नाळेसकट वार पुरली होती. तिर्तोने स्वतः ती धुतली होती, मडक्यात मीठ, सुई आणि कागद-पेन्सिल घालून पुरली होती. मुलगी, म्हणून दाराच्या डावीकडे. इथे, सेमारांगमध्ये, वारेला बाळाचं धाकटं भावंड म्हणतात. थोरलं बाहेर येऊन दूध पितं, धाकटं मातीत जातं. त्याच्यापाशी पस्तीस दिवस दिवा ठेवायचा. वेनिंगचा यावर विश्वास होता असं नाही. नव्हता असंही नाही. दिवा लावायला पैसे फारसे पडत नाहीत, एवढंच तिचं मत होतं.

२

हेल्पलाइनवरच्या माणसाचं नाव गालिह. आवाजावरून कोवळा वाटला, पण धंद्यात मुरलेला; अदबीने 'इबू', म्हणजे 'बाई', म्हणायचा.

"इबू, या कॅमेऱ्याला आधी आकार दिसत नाही. त्याला उष्णतेतला फरक कळतो. भोवतालापेक्षा वेगळं काही सरकलं की तो झोपेतून उठतो आणि मग चित्र घेतो. तुमच्या अंगणात काही गरम वस्तू आहे का?"

"बल्ब आहे. जमिनीवर. टोपलीखाली."

पलीकडे तो हसला. "अच्छा! बाळ झालंय का? अभिनंदन हं, इबू. माझ्या वेळी माझ्या आईने कंदील ठेवला होता म्हणे. मांजराने पाडला आणि चटईच पेटली."

"मग आता मी काय करू? विझवता तर येत नाही."

"विझवू नका हो. पिवळा बल्ब काढा आणि पांढरा एलईडी लावा. उजेड तोच, उष्णता जवळजवळ नाही. शिवाय ॲपमध्ये टोपलीचा कोपरा बोटाने झाकून टाका, म्हणजे तिथलं काही कळवणार नाही. रीतही सांभाळली, बॅटरीही सांभाळली."

वेनिंगला हे फार पटलं. इतके दिवस आपल्याला का सुचलं नाही, याची थोडी लाजही वाटली. तिने त्याच सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून एलईडी मागवला, टोपली कलती करून बल्ब बदलला. जुना बल्ब इतका तापला होता की ओढणीत धरून काढावा लागला. मग पडद्यावरच्या टोपलीवर तिने बोटाने करडा चौकोन ओढला.

दुसऱ्या दिवशी साठाचे नऊ झाले.

"शाब्बास, इंजिनीअर बाई!" तिर्तो म्हणाला. "नऊ म्हणजे काहीच नाही."

"नऊही घालवते. बघच तू."

तिला खूप दिवसांनी काहीतरी जमलं होतं.

३

नऊ मात्र जाईनात. कमीही होईनात, जास्तही होईनात.

तिने संवेदनशीलता एक घर खाली आणली. नऊ. पपईची फांदी छाटली. नऊ. मांजराला हाकललं, ते समोरच्या घरी राहायला गेलं, तरी नऊ. चित्रफितींत काही नसायचं. कॅमेरा झोपेतून उठायला सेकंदभर घेतो, तेवढ्यात जे काही असेल ते निघून गेलेलं. राहायची लाल फरशी, ऊन आणि जाळीचं दार.

चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की प्रत्येक चित्रफितीच्या सुरुवातीला जाळीचं दार किंचित हलत असतं. नुकतंच टेकल्यासारखं.

पंखा, तिने स्वतःला सांगितलं. घरात पंखा चालू असतो.

त्याच दुपारी, दीडच्या सुमारास, ती पुढच्या खोलीतल्या वेताच्या खुर्चीत लारसला पाजायला बसली. सुईणीने सांगितल्याप्रमाणे वहीत वेळ टिपली: १.३२. लारसने तोंड लावलं, दोन घोट घेतले. ट्रिंग. फोनवर वेळ आली: १.३४.

वेनिंगने वही डाव्या मांडीवर उघडली आणि फोन उजव्या.

सकाळी पाजलं ६.१०, अलर्ट ६.१२. पाजलं ८.२५, अलर्ट ८.२७. कालचं पान. परवाचं पान. ती बोट ठेवत खाली खाली गेली. दिवसाला नऊ वेळा पाजणं, दिवसाला नऊ अलर्ट, प्रत्येक वेळी दोन मिनिटांनी.

ती घाबरली नाही. उलट, सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे कारण मीच आहे तर! मी या खुर्चीत बसते, पडदा हलतो, हवा बाहेर ढकलली जाते, दार हलतं. शाळेत मुलांना ती हेच सांगायची: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बघा.

आधी ती बाळाला न घेता नुसती खुर्चीत बसली. पंधरा मिनिटं. काही नाही. मग बाळाला घेऊन बसली, पण पाजलं नाही. काही नाही. साडेतीनला ती मागच्या खोलीत गेली, पंखा बंद केला, दार लोटलं, खाटेवर बसून लारसला जवळ घेतलं. घामाची धार कानामागून मानेवर उतरली. एक मिनिट. दोन.

ट्रिंग.

"मागच्या दारी हालचाल."

तिने पुन्हा हेल्पलाइनला फोन लावला. गालिहच भेटला.

"एक विचारायचं होतं. तुम्ही म्हणालात, उष्णतेतला फरक. म्हणजे गरमच हवं असं नाही ना?"

"नाही. गारही चालतं. फरक महत्त्वाचा. पण तुमच्याकडे पारा छत्तीसवर, इबू. अंगणातून गार काय फिरणार? फ्रीज?" तो स्वतःच्या विनोदावर हसला.

"आणि आत येताना कळतं, पण बाहेर जाताना कळत नाही, असं होईल?"

"होईल की. ती वस्तू तेवढ्या वेळात भोवतालाइतकीच ऊबदार झाली असेल तर. मग कॅमेऱ्याच्या लेखी ती नसतेच."

वेनिंगने आभार मानले. फोन ठेवताना तिच्या लक्षात आलं की आपण आवाज एकदम खाली आणला होता, घरात कुणी झोपलं असल्यासारखा.

४

अठ्ठाविसाव्या दिवशी कॉलनीच्या प्रमुखाच्या ओसरीवर बाळांची वजनं होती. बायका, छत्र्या, केळीच्या पानातली गोडाची पुडकी, रडारड. काट्याला टांगलेल्या झोळीत सुईणबाईने लारसला ठेवलं, आणि काट्याकडे बघून तिने झोळी काढून पुन्हा अडकवली.

"तीन किलो शंभर."

"जन्माला आली तेव्हाही एवढंच होतं," वेनिंग म्हणाली.

"मधे दहाव्या दिवशी तीन-दोनशे झालं होतं. म्हणजे उतरलंय." सुईणबाईने गुलाबी पुस्तिकेतल्या वाढीच्या रेषेवर पेन टेकवलं. रेष वर चालली होती, लारसचा ठिपका खाली पडला होता. "दिवसातून किती वेळा पाजतेस?"

"नऊ."

"नीट पिते?"

"पिते. मोकळं होईपर्यंत पिते. मला हलकं वाटतं नंतर."

"शू-शी?"

"कमी."

"मग दूध जातं कुठे, बाई?" सुईणबाई सहज म्हणाली, पण ओसरीवरच्या दोघीतिघींनी माना वळवल्या. "हे बघ, रडू नकोस. दूध वाढायला कातुकच्या पाल्याची आमटी घे, झोप काढ. तीन दिवसांनी पुन्हा आण. तेव्हाही वाढलं नाही, तर सरळ दवाखान्यात भरती करायचं. हात बघ किती गार पडलेत तिचे."

घरी येताना वेनिंगने लारसचे हात आपल्या गळ्यापाशी धरून ठेवले. रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं. हात काही तापेनात.

५

बू यात्मी आठ दिवस देमाकला लेकीकडे गेली होती, ती एकोणतिसाव्या दिवशी सकाळी परतली. दोन घरं सोडून राहायची. कॉलनीतल्या निम्म्या बाळांना तिनेच न्हाऊमाखू घातलं होतं.

"काय गं न्दुक, माझ्या पोरी, तोंड का असं तेंपेच्या शिळ्या सोयावडीसारखं?" दारातूनच तिचा पट्टा सुरू झाला. "नवरा बोटीवर गेला की बायका खुलतात. तू वाळतेस. उलटंच तुझं."

"लारसचं वजन उतरलं, बू."

बू यात्मीचं हसू मावळलं. चपला काढता काढता तिने सवयीने डावीकडे वाकून टोपलीवर तळवा ठेवला. ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

"दिवा विझलाय."

"नाही. चालू आहे, बघा ना. उजेड दिसतोय." वेनिंगने घाईघाईने एलईडीचं, अलर्टचं, बॅटरीचं सगळं सांगितलं. सांगताना ते पूर्वीइतकं शहाणपणाचं वाटेना.

म्हातारी उकिडवी बसून ऐकत राहिली. मग म्हणाली, "तो दिवा बघायला असतो असं वाटलं होय तुला? मातीखाली कुणाला काय दिसायचंय. ऊब असते ती, पोरी. नऊ महिने दोघं एका उबेत होती. एकीला तू कुशीत घेतलंस."

"बू, मी केमिस्ट्री शिकवते."

"शिकव की. मी कुठे नको म्हणते?" तिने हात झटकले. "पिवळा बल्ब कुठेय?"

बल्ब कचऱ्यात गेला होता. बू यात्मीने स्वतःच्या कोंबड्यांच्या खुराड्यातला काढून आणून लावला. टोपली हळूहळू तापली. संध्याकाळी पतंगही आले, करड्या चौकोनाआड गुपचूप फिरत राहिले.

त्या दिवशी वेनिंगने आठ वेळा पाजलं आणि आठही वेळा दोन मिनिटं फोनकडे बघत बसली.

एकही अलर्ट आला नाही.

"झालं," ती मोठ्याने म्हणाली, आणि हसली, आणि रडली. मग नवव्या वेळी, लारसची जीभ स्तनाला गार लागली तेव्हा, तिला एक प्रश्न पडला. बाहेर ऊब मिळाली म्हणून ते आत यायचं थांबलं, हे झालं एक कारण. शून्य अलर्टचं दुसरंही कारण असू शकतं. जे आत राहायलाच आलं, ते दारातून पुन्हा येणार कशाला?

६

तिसाव्या दिवशी दुपारी समोरचा कॅमेरा चार्जिंगसाठी उतरवला होता. ठेवायला जागा नव्हती म्हणून टीव्हीशेजारच्या फळीवर उभा केला, वायर लावली. त्याचं तोंड खोलीकडे होतं.

वेनिंग वेताच्या खुर्चीत बसली. लारस डाव्या हातावर. ती ओढत होती, पण त्यात जोर नव्हता, दोन घोट झाले की डोळे मिटायची. उद्या वजन. वेनिंगने समोरच्या स्टुलावर थर्मासला टेकवून फोन उभा केला, चार्ज किती झाला ते पाहायला ॲप उघडलं, आणि चुकून थेट चित्र लागलं.

पडद्यावर ती स्वतः दिसली. विस्कटलेला अंबाडा, सुजलेले डोळे. काय हा अवतार, असं तिच्या मनात आलं. थेट म्हटलं तरी चित्र तीन सेकंद मागे असतं. तिने मान हलवली, जरा वेळाने पडद्यावरच्या बाईने हलवली.

डाव्या हातावर लारस. उजवा हातही तसाच वाकलेला होता.

कोपर खुर्चीच्या हातावर टेकलेलं, मनगट आत वळलेलं, पंजा खोलगट. आणि बोटं अलगद वरखाली होत होती. थोपटत होती.

वेनिंगने खाली पाहिलं. तिचा उजवा हात खरंच तसा होता. कधी वाकवला ते तिला आठवेना. गेले कित्येक दिवस त्या खांद्यातून कळ यायची. ती स्टुलावर चढण्याने येत असेल, असं ती धरून चालली होती. बोटं थोपटत होती, तिने न सांगता, लारसला थोपटतात त्याच ठेक्यात.

पाजताना दुसऱ्या बाजूलाही पान्हा फुटतो. हे सगळ्याच बायकांचं होतं, पुस्तिकेत लिहिलंय. उजवीकडचं कापड ओलं होणारच होतं. पण ओलं कापड पसरतं. हे आत ओढलं जात होतं. ओढलं जायचं, सैल व्हायचं. ओढलं जायचं, सैल व्हायचं.

तिने बोटं थांबवली. सगळा जीव एकवटून हात सरळ केला.

लारसने स्तन सोडला आणि असा टाहो फोडला की वेनिंगच्या पोटातले टाके खेचले गेले. काळीनिळी झाली, हातपाय ताठ. तिने लारसला खांद्यावर घेतलं, डोलवलं, पुन्हा तोंडाशी लावलं. ती मान फिरवत राहिली, उजवीकडे, त्या रिकाम्या बाजूकडे, आणि रडत राहिली. हुंदका कोरडा होत चालला. मग आवाज बारीक झाला. मग तो बारीकपणाच भीतीचा वाटायला लागला.

उद्या वजन होतं.

वेनिंगने डोळे मिटले आणि उजवं कोपर खुर्चीच्या हातावर टेकवलं. मनगट आत वळवलं. पंजा खोलगट केला. तळव्यावर काहीतरी आलं. गार, मग कमी गार.

लारसने तोंड लावलं. आणि महिन्याभरात पहिल्यांदा वेनिंगला तिचा घोट ऐकू आला, घशातून खाली उतरताना. एक. मग दुसरा. मग सलग.

तिने पडद्याकडे पाहिलं नाही. डोळे मिटूनच थोपटत राहिली, दोन्ही हातांनी.

७

एकतिसाव्या दिवशी लारसचं वजन दीडशे ग्रॅम वाढलं होतं. सुईणबाईने ठिपका काढला आणि वेनिंगच्या पाठीवर थाप मारली. "काय केलंस गं?"

"दिवा बदलला," वेनिंग म्हणाली. ते खोटं नव्हतं.

पस्तिसाव्या दिवशी बू यात्मी लाल-पांढऱ्या खिरीची वाटी घेऊन दिवा उचलायला आली. तिने टोपली बाजूला केली. खालची माती विहिरीच्या तोंडासारखी आत गेली होती. दोन महिन्यांत पावसाचा थेंब नव्हता. बू यात्मीने तिकडे बघितलं, मग वेनिंगच्या उजव्या हाताकडे बघितलं, आणि पायाने भोवतालची माती लोटून खळगा सपाट केला. जाताना ती जाळीच्या दाराशी घुटमळली.

"दूध पुरतंय का, न्दुक?"

"पुरतंय."

"मग झालं. आई काय वाटण्या करते का," म्हातारी म्हणाली, आणि तिने मागे वळून बघितलं नाही.

त्यानंतर आठवड्याने तिर्तोचा फोन आला तेव्हा तो खुशीत होता. "दोन आठवड्यांत एक खोटा अलर्ट नाही! बॅटरी ऐंशी टक्के! काय जादू केलीस?"

"सेटिंग सापडलं."

"मी म्हणत होतो ना, तू शिकलेली आहेस." मग जरा अवघडून, "लारसला दाखव ना."

तिने फोन थर्मासला टेकवला आणि लारसला धरलं. गालांना बाळसं आलं होतं. तिर्तो बराच वेळ बघत राहिला.

"अशी एका बाजूला का बसतेस?" त्याने विचारलं. "कललीयस तू. उजवीकडे."

"खुर्ची तशी आहे," वेनिंग म्हणाली.

पुढच्या वजनाला लारस चार किलो भरली. सुईणबाईने तिला झोळीतून काढून वेनिंगच्या डाव्या हातावर दिलं आणि कौतुकाने म्हणाली, "आता हात भरून येत असेल नाही? केवढी जड झालीय!"

वेनिंगने उजवा हात जरा वर सावरून घेतला.

"नाही हो," ती म्हणाली. "ही त्या मानाने हलकीच आहे."